आळवारांच्या आसनावरचा हिरवा डाग

चेंगम्मा अक्का दूधवाल्याला लगेच जाऊ द्यायची नाही. दूध चुलीवर चढवायची आणि ते वर येईपर्यंत त्याला पायरीवर बसवून ठेवायची. नासलं तर त्याच्या डोळ्यांदेखत नासायला हवं. वांगं उन्हात धरून बघायची, चिंच घेण्याआधी हुंगायची, आणि दारावर ज्योतिषी आला की आधी त्याच्याच बायकोचं नक्षत्र विचारायची. तंजावरच्या करंदै भागातल्या आमच्या गल्लीत म्हणत, यम आला तरी अक्का त्याला पायरीवर बसवेल आणि कुणी पाठवलं ते विचारून घेईल. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मग? चुकीच्या घरी आला असला तर?"

मी तिच्या शेजारच्या घरात वाढले. आमच्या परसातली भिंत सामाईक होती आणि त्या भिंतीवरही तिचा संशय होता. दर पावसाळ्यानंतर ती भिंतीला पाठ लावून पावलं मोजायची, आम्ही ती तिच्या बाजूला सरकवली तर नाही ना हे बघायला.

तिचं असं होण्याला एक कारण होतं, पण ते ती स्वतः कधी सांगायची नाही. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी तिचे दागिने सांभाळायला म्हणून ठेवून घेतले आणि वर्षभरानं तिला माहेरी पाठवताना डबीसकट परत दिले. आठ वर्षं ती डबी तिच्या पेटीत होती. एका लग्नासाठी साखळी काढली तेव्हा घामानं तिच्या मानेवर काळा पट्टा उमटला. ती भांडायला गेली नाही. त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या भावानं, संपत राजूंनी, घरातलं सोन्याचं काम तिच्या हातात दिलं. "फसलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात," एवढंच ते म्हणाले.

संपतमामा जातीनं राजू; त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या फळ्यांवर देव आणि संत काढले जातात. फणसाच्या फळीवर कापड डकवायचं, त्यावर चिंचोक्यांची खळ आणि खडूची पूड यांचे थर द्यायचे आणि दगडानं घोटून आरशासारखं करायचं. त्यावर मामा रेघा काढत. मग कमान, दागिने, आसन, जे जे चमकायचं ते खडू-खळीच्या लगद्यानं उठवायचं आणि त्यात काचेचे खडे बसवायचे. त्या उठावावर सोन्याचा वर्ख लावायचा आणि रंग सगळ्यात शेवटी. अक्काचं काम वर्खाचं. ती कामाला बसली की पंखा बंद, खिडक्या बंद, दाराला आतून कडी. श्वाससुद्धा नाकानं आणि हळू, कारण वर्ख श्वासानं उडतो. काम झालं की ओल्या फडक्यानं जमीन टिपायची आणि ते फडकं तसंच डब्यात जपून ठेवायचं. चाळीस वर्षांत त्या खोलीतून एक कणही बाहेर गेला नाही, असं ती छातीला हात लावून सांगायची.

लगदा कालवायचं आणि उठाव करायचं काम दोन वर्षांपासून मंगैकडे आलं होतं. मंगै ही संपतमामांची सून. नवरा होसूरच्या कारखान्यात, महिन्यातून दोनदा घरी. ही मुलगी स्वामिमलैकडची, कमी बोलणारी, पण हात असा की पाकळीची कड उचलली तर ती वाऱ्यानं हलेल असं वाटावं. मामा तिचं कौतुक करायचे. अक्का म्हणायची, "हात चांगला आहे. हाताच्या वरचं अजून बघायचंय."

त्या वर्षी पाऊस ऐन जोरात असताना कुंभकोणमजवळच्या एका गावातून कोमळवल्ली मामी आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, नऊवारी नेसलेल्या, बरोबर मुलगा सारनाथन. तो रेल्वेतून निवृत्त झालेला आणि अजूनही उभा राहिला की गाडी सुटायची वाट बघतोय असा दिसणारा. त्यांच्या गावच्या पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळात भजनाचा एक मंडप आहे. तिथे मामींना नम्माळवारांचं चित्र लावायचं होतं. चिंचेच्या झाडाच्या ढोलीत मांडी घालून बसलेले ते संत आणि शेजारी हात जोडून उभे शिष्य मधुरकवी.

मामींनी पदराच्या गाठीतून दोन बांगड्या काढल्या. लग्नातल्या, घासून घासून बोटाच्या नखाइतक्या पातळ झालेल्या.

"याचा वर्ख करून घ्या," त्या म्हणाल्या. "पण आळवारांच्या अंगावर नको. त्यांना कसली दागिन्यांची हौस? बाकी सोनं तुमचं दुकानातलं लावा. हे फक्त आसनाला. मी काही त्यांच्या गळ्यात पडणार नाहीये, पायाशी बसेन."

सारनाथननं बांगड्यांचा फोटो काढला. दोन बाजूंनी.

"फोटो कशाला?" अक्कानं विचारलं.

"असू दे. आठवण."

"आठवण पुढून एक काढली तरी राहते," अक्का म्हणाली. पण आतून ती त्याच्यावर खूश झाली असावी. या माणसाला समज आहे, असं तिनं मला नंतर सांगितलं.

बांगड्या वितळवून वर्ख ठोकून घ्यायचं काम कीळवासलमधल्या वर्खवाल्याकडे. नेहमी अक्का स्वतः जायची, त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायची आणि सोनं कातड्याच्या पुडक्यात जाऊन वर्ख होऊन बाहेर पडेपर्यंत उठायची नाही. पण त्या पावसात तिचा गुडघा सुजला होता. मंगै गेली. संध्याकाळी छत्री ओली, साडी ओली, आणि वर्खाची वही छातीशी कोरडी घेऊन परत आली.

अक्कानं वही उघडली. एक वर्ख चिमट्यानं उचलला, दुकानातल्या वर्खाच्या शेजारी धरला. मामींच्या सोन्याचा रंग तांबूस होता.

"हा रंग बघ," ती मला म्हणाली. मी तिच्या गुडघ्याला लावायचं तेल द्यायला गेले होते.

"जुनं सोनं असेल तसं," मी म्हटलं.

"जुनं सोनं पिवळं असतं. तांबूस म्हणजे तांबं." मग स्वयंपाकघराच्या दिशेनं बघत, आवाज खाली आणून, "हिचा भाऊ गेल्या महिन्यात नवीन मोटारसायकलवरून आला होता. पाहिलीस?"

"हप्त्यावर घेतली असेल, अक्का."

"तुला कुणी सांगितलं?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. अक्कानं वर्ख लावला, कारण लावायला नकार द्यावा एवढा पुरावा नव्हता. पण तो रंग तिनं मनात नीट घडी करून ठेवला.

पोंगलच्या आधी चित्र तयार झालं. काच बसवून, चौकट करून मामी ते घेऊन गेल्या. आळवारांचे अर्धे मिटलेले डोळे बघून त्यांनी तिथेच भक्तीनं गालावर चापट्या मारून घेतल्या. आसन झळकत होतं. मंगैनं उठवलेल्या कमळाच्या पाकळ्या एकीवर एक अशा भरगच्च होत्या की पूर्ण चित्रात तोच भाग सगळ्यात जाड होता.

मासी महिन्यात, उन्हं तापायला लागल्यावर, एक दिवस टॅक्सी थांबली. सारनाथननं चित्र चादरीत गुंडाळून आणलं होतं. त्यानं ते बाकावर ठेवलं, चादर ओढली आणि बाजूला झाला.

आसनावर हिरवं चढलं होतं. पाकळ्यांच्या कडांना, वर्खाचे जोड होते तिथे, आणि मधेच सुईच्या टोकाएवढे ठिपके. बाकीचं चित्र जसंच्या तसं होतं. कमान लखलखीत, माळ लखलखीत, आणि फक्त मामींच्या सोन्याच्या जागी तळ्याच्या पायऱ्यांवर असतं तसं हिरवं.

"राजू," सारनाथन म्हणाला, "आमच्या घरी पाणी भरायचा तांब्याचा चेंबू आहे. त्याला चिंच लावली नाही तर दोन महिन्यांत असंच हिरवं चढतं. मी काही फार शिकलेला नाही, पण चेंबू मला कळतो."

संपतमामांनी वाकून बघितलं. "सामी, सोनं तुमचंच लावलंय."

"तुमच्या दुकानातल्या सोन्याला काही झालं नाही. आमच्या सोन्यालाच झालं. हे कसं?"

"सामी, चाळीस वर्षं..."

"चाळीस वर्षांत कुणी आपल्या बांगड्या दिल्या नसतील. आम्ही दिल्या." त्यानं फोन काढून फोटो दाखवला. दोन्ही बाजूंचा.

मामी खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला सोनं परत नको. ते मी दिलं ते दिलं. पण कुणी घेतलं एवढं सांगा. देवळात त्याच्यासमोर बसून मी रोज कुणाकुणावर संशय घेत बसू?"

तेव्हा चेंगम्मा अक्का बोलली.

"वर्ख आणायला ही गेली होती."

मंगै दारात ताकाचे पेले घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं. एकही पेला सांडला नाही. सारनाथननं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या नाकातल्या चमकीकडे, आणि मामांनी मान खाली घातली. त्यांनी मान खाली घातली नसती तर कदाचित गोष्ट तिथेच थांबली असती.

"शुक्रवारी येतो," सारनाथन म्हणाला. "तोवर तुमचं तुम्ही ठरवा. नाही ठरलं तर मी ठाण्यात जाईन आणि तुमच्या जातीच्या पंचांकडेही. चित्र इथेच राहू दे. मला तसल्या आसनावरचे आळवार देवळात नकोत."

ते गेल्यावर मंगैनं पेले परत आत नेले. मग एक मोठी कापडी पिशवी आणून समोरच्या खोलीत दाराजवळ ठेवली आणि एकेक साडी घडी करून तिच्यात भरायला लागली. सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी.

"कुठे चाललीस?" मामांनी विचारलं.

"शुक्रवारपर्यंत कुठेही नाही. आज गेले तर चोर म्हणून गेले असं होईल. शुक्रवारी काय ते होऊ दे. मग आईकडे जाईन."

"अगं पण तुला कुणी चोर म्हटलं का?"

"तुम्ही नाही म्हटलं, मामा. तुम्ही जमिनीकडे बघितलंत." मग अक्काकडे वळून ती म्हणाली, "अत्तै, ही पिशवी बघून घ्या. पुन्हा म्हणाल काही नेलं."

आणि अक्कानं खरोखरच पिशवी बघितली. साड्या मोजल्या. नऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला हाका मारायला लागली. "ए शिकलेली! सुट्टी आहे ना? चल माझ्याबरोबर." मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या दृष्टीनं माझं शिक्षण म्हणजे साक्षीदार म्हणून उपयोगी पडणारी गोष्ट. गुडघा अजून दुखत होता, तरी ती कीळवासलपर्यंत रिक्षात माझा हात घट्ट धरून बसली. तिला आधार हवा होता म्हणून नाही, मी मंगैला फोन करू नये म्हणून.

चौकटीची काच काढून आसनाच्या कडेचा वर्खाचा एक कपचा तिनं कागदात आणला होता. वर्खवाल्यासमोर तिनं तो उलगडला.

"हे तू दिलंस?"

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. "अक्का, तुम्ही नाही आलात त्या वेळी. सून आली होती. बसली होती इथेच, तुमच्याच स्टुलावर. तुमच्यासारखीच डोळे वटारून."

"सगळा वेळ?"

"पाणी प्यायलाही उठली नाही. मी म्हटलं, पोरी, घरचं वळण आहे तर."

"मग रंग तांबूस का?"

"जुन्या बांगड्या. त्या काळचे सोनार जोडाला डाग द्यायला तांबं घालत. वितळवून काढलं तेवढं निघालं, थोडा रंग राहिला. रंग राहिला म्हणजे सोनं गेलं का? तुम्ही गोऱ्या नाही म्हणून तुम्ही राजू नाही का?"

"तोंड सांभाळ."

त्यानं कसोटीच्या दगडावर तो कपचा घासला, आम्लाचा थेंब टाकला, दगड अक्काच्या नाकासमोर धरला. रेघ तशीच राहिली, पिवळीधमक. "बघा. तुमच्या उरलेल्या दातांपेक्षा खरं. मी सोनं दिलं, अक्का. हिरवं तुम्ही पिकवलंत."

"तुझा दगड तुझा, आम्ल तुझं," अक्का म्हणाली.

"मग दुसऱ्याच्या दगडावर घासा. तिसऱ्याच्या घासा. सगळा बाजार फिरा."

आणि ती फिरली. उन्हात, सुजलेल्या गुडघ्यानं, आणखी दोन सोनारांकडे. दोन्हीकडे रेघ पिवळी. घरी येताना रिक्षात ती कागदातला कपचा पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. सोनं खरं निघालं याचा तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा हातातलं काही निसटल्यासारखा होता.

"आता तरी मंगैला सांगायचं का?" मी विचारलं.

"काय सांगायचं? हिरवं तर आहेच ना. हिरवं कुठून आलं?"

दुपारी तिनं दाराला कडी लावली, पंखा बंद केला. मी प्रयोगशाळेतलं भिंग आणलं होतं. तिनं एक पातळ पातं वर्खाच्या जोडाखाली सरकवलं आणि एक अख्खी पाकळी सोलून काढली, भाताच्या पेजेवरची साय उचलावी तशी. मी भिंगातून बघितलं. वर्खाची मागची बाजू स्वच्छ होती, पिवळी. आणि खालचा लगदा, जो पांढरा असायला हवा, तो पोपटी झाला होता. मी तिला शेजारचा लाल खडाही उचकटायला सांगितलं. तिथे सोनं पोचलेलंच नव्हतं. तिथेही हिरवं.

"म्हणजे सोन्यातून नाही आलं," मी म्हटलं. "खालून आलंय. लगद्यात तांब्याचं काहीतरी आहे, अक्का. ओल लागली की ते वर येतं."

अक्कानं बोट ओलं करून त्या पोपटी जागेवर टेकवलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि लगेच खिडकी उघडून बाहेर थुंकली.

"मोरचूद," ती म्हणाली.

चिंचोक्यांच्या खळीला कीड लागते, म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचाच निळा क्षार, घालतात. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढंच. तेवढं विरून जातं आणि चित्र शंभर वर्षं टिकतं.

"मंगैनं जास्त घातलं वाटतं?" मी विचारलं.

अक्का उत्तर द्यायला लागली आणि थांबली. मग तिनं ती सोललेली पाकळी उलटून कागदात ठेवली. "तो लगदा ओला असताना निळसर दिसला होता," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं पावसाचा उजेड." एवढं बोलून तिनं मला घरी पाठवलं. मला आश्चर्य वाटलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारी ही बाई, आणि हातातल्या लगद्याचा रंग बदललेला तिनं पावसावर सोडून दिला होता.

शुक्रवारी सकाळी सारनाथन आणि मामी आल्या. मंगैची पिशवी दाराजवळ होती. तिनं केसांत फुलंही माळली होती, प्रवासाला निघताना माळतात तशी. मला अक्कानंच बोलावून घेतलं होतं, भिंगासकट.

"काय ठरलं?" सारनाथननं उभ्याउभ्याच विचारलं.

अक्कानं सोललेली पाकळी त्याच्या तळहातावर ठेवली. "मागून बघा. तीन सोनारांकडे घासून आणलंय. सोनं तुमचंच आहे, पुरं आहे. हिरवं खालच्या लगद्यातून आलंय, आसनाचा थर सगळ्यात जाड म्हणून तिथेच. मोरचूद जास्त झालं."

त्यानं पाकळी उलटसुलट केली. माझं भिंग घेतलं. चित्राजवळ जाऊन खड्याखालची जागाही बघितली. "मोरचूद म्हणजे?"

"कीड लागू नये म्हणून घालतात, सामी," संपतमामा म्हणाले. त्यांचा आवाज चार दिवसांत प्रथमच मोकळा झाला होता. मग ते सुनेकडे वळले. "किती घातलं होतंस?"

"तुम्ही शिकवलंत तेवढंच. अंगठ्याच्या नखावर."

"तेवढ्यानं असं होत नाही, पोरी."

"तेवढंच घातलं, मामा."

"चूक झाली तर झाली म्हणावं. चोरीपेक्षा चूक बरी."

या घडीला अक्काला तोंड उघडायची काही गरज नव्हती. चोरीचा आळ गेला होता. निष्काळजीपणाचा उरला होता आणि तो मंगैच्या अंगावर मापानं शिवल्यासारखा बसत होता. सारनाथनही मान हलवायला लागला होता, नवीन पोरींचं असंच असतं अशा अर्थानं. मंगै पिशवीजवळ गेली आणि तिनं बंद हातात घेतला.

"मीही घातलं," अक्का म्हणाली.

मामांनी वळून बघितलं. "काय?"

"मोरचूद. ही चुलीकडे गेली तेव्हा. हिनं घातलं असेल याचा मला भरवसा नव्हता." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "नखभर."

मामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसायला घेतला. आधीच स्वच्छ असलेली काच ते पुसतच राहिले.

"अण्णा," अक्का म्हणाली, "चष्मा का पुसताय?"

"धूळ आहे."

"कुठे आहे धूळ? दाखवा."

"अगं, पाऊस किती होता त्या वेळी," मामा म्हणाले. "तुम्हा दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही. म्हटलं दोघीही विसरल्या तर? नाव माझं जाणार. म्हणून मी आपलं... थोडंसं."

"किती?"

"नखभरच."

"कुठल्या बोटाचं नख, मामा?" मंगैनं विचारलं. संपतमामांचा अंगठा रुंद होता, पळीसारखा. त्यांनी तो मुठीत लपवला.

पहिल्यांदा मामी हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "तिघातिघांनी राखण केली म्हणून माझ्या आळवारांच्या बुडाखाली शेवाळ आलं! सारनाथा, ऐकलंस का रे? आणि तू ठाण्यात जाणार होतास."

सारनाथन खुर्चीवर बसला. सकाळपासून पहिल्यांदाच. मामाही हसायला लागले, सुटल्यासारखे.

मंगै हसली नाही.

"मामी, तुमचं आसन उकरून पुन्हा करावं लागेल," ती म्हणाली. "सोनं सगळं निघेल, परत ठोकून घेता येईल. वैकासी विशाखाच्या, आळवारांच्या जयंतीच्या, आत होईल, कुणीही केलं तरी. पण मी जायचं का राहायचं ते अजून ठरलेलं नाही. या घरानं मला तुमच्यासमोर चोर केलं. ते तुमच्यासमोरच परत घेतलं पाहिजे."

"घेतलंच की गं आता," मामा म्हणाले.

"तुम्ही हसलात, मामा. हसणं म्हणजे परत घेणं नाही. आणि मी तुम्हाला म्हणत नाहीये."

सगळे अक्काकडे बघायला लागले. मी तिला जन्मापासून ओळखते. तिनं कुणाची माफी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही, देवाचीसुद्धा नाही. देवळात ती हात जोडायची ते हिशेब विचारल्यासारखे. मग ती मामींकडे तोंड करून उभी राहिली, शाळेत पोरं उत्तर द्यायला उभी राहतात तशी.

"वर्ख आणायला ही गेली होती," ती म्हणाली. घसा खाकरला. "सगळा वेळ त्याच्यासमोर बसून होती. पाणी प्यायला उठली नाही. जेवढं सोनं तुम्ही दिलंत तेवढं पावसातून कोरडं घरी आणलं. मी गेले असते तर याहून जास्त काही केलं नसतं." थोडं थांबून म्हणाली, "मी म्हटलं ते खोटं होतं. मला ते खरं वाटत होतं, पण खोटं होतं."

मामींनी मान डोलावली. मंगैनं पिशवीचा बंद सोडला, पण पिशवी उचलून आत नेली नाही.

"लगदा मीच कालवणार," ती म्हणाली. "मोरचुदाची डबी माझ्याकडे राहील. मी चुलीकडे गेले तरी कुणी भांड्याजवळ जायचं नाही. आणि आसनाचा वर्खही मीच लावीन. अत्तैंनी शिकवायचं, पण बाहेरून."

"बाहेरून कसं शिकवणार?" अक्का उसळली. "खिडक्या बंद असतात!"

"आवाज येतो."

तसंच झालं. चैत्रातल्या उन्हाळ्यात, कडी लावलेल्या दाराबाहेर पाट टाकून अक्का बसायची आणि आतल्या शांततेवरून अंदाज बांधायची. "पंखा बंद केलास ना?" "केला." "चिमटा कोरडा आहे ना?" "आहे." "श्वास?" यावर आतून उत्तर यायचं नाही, आणि अक्का लगेच ताठ व्हायची. "का गं? बोलत का नाहीस? उडाला का?" मग आतून मंगैचा दबका आवाज, "अत्तै, बोलले तर उडेल ना!" मी कधी तिथून गेले तर अक्का मला थांबवायची. "तुला काय वाटतं, ती दोन थर देतेय का एक?" मला काय वाटणार? मला दार दिसत होतं.

पण पिशवी मात्र तिथेच होती, समोरच्या खोलीत दाराजवळ. मंगै रोज सकाळी तिच्यातून नेसायला एक साडी काढायची. संध्याकाळी धुऊन वाळलेली साडी कधी कपाटात जायची, कधी परत पिशवीत. त्यात काही ठरलेलं नव्हतं. नवरा होसूरहून आला, दोन दिवस राहिला, त्यानं विचारलं तर ती म्हणाली, "बघतेय." मामांनी एकदा पिशवी उचलून आत ठेवायचा प्रयत्न केला. ती दुसऱ्या दिवशी परत दाराजवळ होती.

वैकासी विशाखाच्या चार दिवस आधी सारनाथन चित्र न्यायला आला. आसनाजवळ डोळे नेऊन त्यानं पाकळी न् पाकळी तपासली आणि फोटो काढले, दोन बाजूंनी. मामींनी मंगैसाठी ओटीची साडी पाठवली होती, हळदीच्या रंगाची. मंगैनं ती घेतली, डोळ्यांना लावली, आणि टॅक्सी वळेपर्यंत पायरीवर उभी राहिली. मग ती बाजारात गेली. नवीन साडी बाकावरच राहिली.

मामा झोपले होते. घरात अक्का आणि मी. ती पाटावर बसून सोन्याचे कण टिपलेलं फडकं निरखत होती आणि नजर सारखी दाराजवळच्या पिशवीकडे. पिशवी अर्धी खाली बसली होती. तिच्यात काहीतरी होतं हे दिसत होतं. किती, ते दिसत नव्हतं.

"तीन असतील," ती म्हणाली. "का दोन? हिरवी काल कपाटात ठेवलेली मी पाहिली. पण परवाची निळी कुठे गेली?"

"बघू का उघडून?" मी म्हटलं.

"नको."

"हात लांब केला तर पोचतो, अक्का."

"मला माहीत आहे कुठे पोचतो ते." तिनं फडक्याची घडी केली, डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि ते नीट लागलं की नाही हे बघायला पुन्हा उघडून लावलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, बाकावरची हळदीची साडी घेतली आणि पिशवी आणि कपाट या दोन्हींच्या मधोमध उभी राहिली. ती कुठे ठेवायची ते तिला ठरवता येईना. शेवटी ती साडी हातात घेऊनच मंगै बाजारातून यायची वाट बघत पायरीवर जाऊन बसली.